ते परत जाईपर्यंत

वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा रागिणी डिशवॉशरमधून ताटं काढत होती. मनोज ओट्याला टेकून उभा होता.

"मला वाटतं आता आपण थांबावं," तो म्हणाला.

काय थांबवायचं ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. हातातलं ताट कपाटात ठेवून तिनं पुढचं उचललं आणि म्हणाली, "ठीक आहे."

मग दोघांना जवळपास एकदमच आठवलं की मनोजच्या आईबाबांची तिकिटं काढून झाली आहेत. ऑगस्टमध्ये ते येणार होते आणि आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी येणारी, संत्री तोडणीला यायच्या आत मोर्शीला परत जाणार होते. इतके दिवस बाग पुतण्याच्या, अमोलच्या, भरवशावर टाकून ती दोघं पहिल्यांदाच बाहेर पडत होती. ते परत जाईपर्यंत काही सांगायचं नाही, असं मनोज म्हणाला. रागिणीनं त्यालाही ठीक आहे म्हटलं.

रागिणी हिवरखेडची. अमरावतीला इंजिनिअरिंगला असताना मनोज भेटला. जात वेगळी होती, म्हणून तिचे वडील केशवराव वर्षभर नाही म्हणत राहिले. शेवटी किसनराव, म्हणजे मनोजचे वडील, संत्र्याची एक पेटी घेऊन एकटेच एसटीनं हिवरखेडला गेले आणि दिवसभर केशवरावांच्या ओसरीवर बसून राहिले. काय बोलले कोणालाच कळलं नाही. संध्याकाळी केशवराव हो म्हणाले. त्याला आता आठ वर्षं झाली होती. त्यातली सहा वर्षं ती आणि मनोज अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीत होते.

मागच्या वर्षी, तिला पाचवा महिना चालू असताना, पोटातलं बाळ गेलं. हॉस्पिटलमधून आल्यावर मनोजनं खिचडी केली. दोघांनी जेवताना एक मालिका पाहिली. सोमवारी रागिणीनं लॅपटॉप उघडला आणि कामाला लागली. मोर्शीला आणि हिवरखेडला फोन मनोजनंच केले, आणि ती झोपली आहे असं दोन्हीकडे सांगितलं. ती झोपलेली नव्हती. समोर बसून ऐकत होती.

त्यानंतर त्यांचं भांडण असं कधी झालंच नाही. दूध आणायचं आहे, गाडीचं सर्व्हिसिंग आहे, एवढंच बोलणं उरलं. ती पुढच्या खोलीत झोपायला लागली. आईबाबा यायच्या आदल्या दिवशी ती उशी घेऊन पुन्हा बेडरूममध्ये आली. मनोज खाली गादी टाकून झोपायचा आणि सकाळी ती घडी करून दाराआड ठेवायचा.

आईबाबा आले ते शेवया, ज्वारीच्या वाळवलेल्या खारोड्या आणि तिखटाची पिशवी घेऊन. माणिकबाईंनी दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. किसनराव रोज सकाळी कॉलनीत फिरून यायचे आणि कोणाच्या अंगणात कोणतं झाड आहे ते सांगायचे. रागिणी हसायची, उत्तरं द्यायची, भाकरीला तूप लावून घ्यायची. हे सगळं तिला जमत होतं. आपलं शरीर बरोबर वागतंय, हे ती लांबून पाहिल्यासारखं पाहत होती.

सप्टेंबरच्या शेवटी मनोज त्यांना ब्राइस कॅन्यनच्या राष्ट्रीय उद्यानात घेऊन गेला. लॉजच्या दोन खोल्या त्यानं मे महिन्यातच बुक केल्या होत्या. ठरल्याप्रमाणे सगळं करत राहणं सोपं होतं, म्हणून चौघं निघाली. साडेचार तास गाडी चालली. बाहेर झुडपं, वाळकं गवत, मधूनच एखादं गुरांचं कुंपण. माणिकबाई बराच वेळ खिडकीतून पाहत होत्या.

"इथं पाणी हाय का कुठं?" त्यांनी विचारलं.

"फार नाही आई. वाळवंटच आहे म्हण ना," मनोज म्हणाला.

"मंग लोकं काहून येते पाहाले?"

"पोचल्यावर दिसेल."

पोचल्यावर दिसलं. पाइनच्या झाडांतून पायवाटेनं थोडं चाललं की जमीन एकदम संपत होती. खाली लांबपर्यंत दगडाचे सुळके उभे होते. लाल, केशरी, मधेच पांढरे. एकाला एक खेटून, हजारोंनी. काहींच्या माथ्यावर मोठाले धोंडे अडकलेले होते. किसनराव कठड्याला धरून उभे राहिले. माणिकबाईंनी पदर तोंडाशी नेला.

रागिणीला रंग दिसले. कोणी विचारलं असतं तर तिनं ते एकेक करून बरोबर सांगितले असते. सहा वर्षांपूर्वी मनोजनं याच जागेचे फोटो दाखवले होते, तेव्हा आपण आनंदानं ओरडलो होतो हे तिला आठवलं. आता तिनं पर्समधून गॉगल काढला आणि लावला.

काठावर उद्यानातली एक तरुण रेंजर मुलगी लोकांना हे सगळं कसं घडलं ते सांगत होती. मनोज तिचं बोलणं वडिलांना सांगायला लागला. पावसाचं, बर्फाचं पाणी दगडाच्या फटीत शिरतं. रात्री गोठतं. गोठलं की फुगतं आणि फट रुंद करतं. दिवसा वितळतं, रात्री पुन्हा गोठतं. असं करत करत दगड सुटा होतो आणि पावसानं वाहून जातो.

"म्हंजे हे अजून चालूच हाय?" किसनरावांनी विचारलं.

"हो. थोडं थोडं."

"मंग आपून उभे हाओ हे बी जाईन."

"जाईल, पण आपल्या हयातीत नाही."

किसनराव कठड्यापासून एक पाऊल मागे सरकले आणि माणिकबाई हसल्या.

तेवढ्यात एका बाईनं चौघांचा फोटो काढून देऊ का, असं विचारलं. मनोजनं तिच्या हातात फोन दिला. जवळ या, अजून जवळ या, ती हातानं खुणावत राहिली. मनोजनं रागिणीच्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी महिन्यांनी. बसमध्ये शेजारच्याची पिशवी आपल्या अंगावर टेकावी तसा तो हात तिथं होता. फोटो निघाल्यावर त्यानं तो काढून घेतला.

खाली सुळक्यांमधून जायला नागमोडी वाट होती. किसनरावांना उतरायचंच होतं. माणिकबाईंचा गुडघा दुखत होता, त्या वरच बाकावर बसणार होत्या.

"मी जाते मामाजींसोबत," रागिणी म्हणाली. मनोजबरोबर वर थांबण्यापेक्षा ते बरं होतं.

वाट एका अरुंद घळीत शिरली. दोन्ही बाजूंना भिंती, वर आभाळाची पट्टी. किसनराव दर वळणावर थांबत. भिंतीला हात लावत, खाली पडलेली लाल माती चिमटीत घेऊन चुरडत.

"कायी उगवत नसंन याच्यात," ते म्हणाले. "आपल्या इथं पूर्णेच्या काठाला जमीन अशीच खचली हाय थोडीथोडी. लोकं घाबरते त्याले. अन् इथं तिकीट काढून पाहून राहिले."

रागिणी हो म्हणाली. खाली पोचल्यावर त्यांनी एका उंच झाडाखाली बसून माणिकबाईंनी दिलेल्या दशम्या खाल्ल्या. किसनराव खूश होते. अमोलला दाखवायला त्यांनी झाडाचे, मातीचे, स्वतःच्या बुटांचेही फोटो काढून घेतले.

चढ सुरू झाल्यावर मात्र ते लवकरच दमले. ही जागा आठ हजार फुटांवर आहे, हवा विरळ आहे, हे मनोजनं सकाळी सांगितलं होतं. पहिल्या दोन वळणांना ते हसत थांबले. तिसऱ्याला हसले नाहीत. चौथ्या वळणावर भिंतीला पाठ लावून खालीच बसले. ओठ पांढरे पडले होते.

रागिणीनं त्यांच्या शर्टाचं वरचं बटण सोडलं. पाणी पाजलं. छातीत दुखतंय का, हात जड वाटतोय का, विचारलं. नाही, फक्त दम, असं त्यांनी मानेनं सांगितलं. तिनं फोन पाहिला. रेंज नव्हती. वर जाणाऱ्या एका जोडप्याला तिनं मनोजचं नाव, त्याच्या जॅकेटचा रंग आणि निरोप सांगितला. सगळं नीट, न घाबरता. मग ती सासऱ्यांच्या शेजारी बसली आणि त्यांची नाडी धरली. हा माणूस इथं मेला तर, असा विचार तिच्या मनात आला आणि त्या विचारानंही काही झालं नाही. तेव्हा मात्र तिला स्वतःची थोडी भीती वाटली.

हळूहळू किसनरावांचा श्वास जागेवर आला. डोळे मिटूनच ते म्हणाले, "एक इचारू का?"

"विचारा ना."

"ते दाराआडची गादी कोणाची हाय?"

रागिणीनं त्यांचं मनगट सोडलं.

"आलो तवापासून पाहून राहिलो. रोज घडी बदलते. मले वाटलं भांडले असान, मिटंन. पण तुमी तं भांडत बी नाई."

"आमी वेगळे होऊन राहिलो, मामाजी."

हे वाक्य तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं. ते वऱ्हाडीत आलं याचं तिला नवल वाटलं.

किसनरावांनी डोळे उघडले. "कोण म्हणते? तू का तो?"

"तो म्हणाला. मी हो म्हटलं."

"काहून?"

खालून दोन मुलं धावत वर आली आणि पुढे निघून गेली.

"बाळ गेलं ना," ती म्हणाली. "तवा आमी दोघंही रडलो नाई. तो मले जपत होता, मी त्याले. मंग दोघंही चूप झालो. अन् मंग ते चूप राहणंच राहून गेलं."

"अन् आमाले फोन करता आला नाई?"

"काय सांगणार होतो?"

"हेच." किसनरावांचा आवाज चढला आणि लगेच त्यांना खोकला आला. तिनं पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी हातानं बाजूला सारली. "मी तुया बापाच्या ओसरीवर दिवसभर बसलो होतो. इथं येऊन बसलो नसतो का?"

तिनं बाटली मागे घेतली. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "आता कायी होऊ शकते का? तुले पाहिजे का तो?"

"मले समजतच नाई मामाजी. राग बी येत नाई. कायीच येत नाई."

किसनराव तिच्याकडे पाहत राहिले. त्यांनी हातातली लाल धूळ पँटला पुसली.

"तुया सासूले सांगा लागंन," ते म्हणाले.

"मनोज नको म्हणते. तुमी जाईपर्यंत."

"मनोजले नाई इचारून राहिलो. तुले इचारून राहिलो."

"सांगा," रागिणी म्हणाली.

मनोज वरून जवळजवळ धावतच आला. चेहरा घामानं भिजला होता. वडिलांना बसलेलं, बोलताना पाहून तो थांबला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

"काय झालं बाबा?"

"दम लागला. आता बरा हाओ." मग त्याच सुरात ते म्हणाले, "तुमी दोघं वेगळे होऊन राहिले ते समजलं मले. मीच इचारलं हिले. हिच्यावर चिडू नोको."

मनोजनं रागिणीकडे पाहिलं. मग वाटेच्या कडेला, धुळीतच बसला. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यानं उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. तो चिडला नव्हता. फार दिवस उभ्यानं प्रवास केलेल्या माणसाला बसायला मिळावं, तसा दिसत होता. त्याचे डोळे भरून आले तेव्हा रागिणीनं मान वळवली. पाहायला नको म्हणून नव्हे. पाहूनही आपल्यात काही हलणार नाही, आणि ते त्याला दिसेल, म्हणून.

"चला," किसनराव म्हणाले. "ते एकटी बसली हाय वर."

दोघांनी त्यांना दोन्हीकडून धरलं आणि दर दहा-बारा पावलांना थांबत वर आणलं.

संध्याकाळी लॉजच्या खोलीत किसनरावांनी माणिकबाईंना सांगितलं. मनोज आणि रागिणी समोरच बसले होते. माणिकबाई आधी हसल्या, कारण त्यांना ती थट्टा वाटली. मग मनोजचा चेहरा पाहून त्यांना खरं कळलं. त्या रडायला लागल्या, मोठ्यानं, लेकीला सासरी पाठवताना रडतात तशा. मनोज त्यांच्या पायाशी जाऊन बसला. रागिणी खुर्चीत होती तशीच बसून राहिली.

माणिकबाईंचं लक्ष तिच्याकडे गेलं.

"तुया डोयात पाणी बी नाई," त्या म्हणाल्या. "आठ वर्ष संसार केला माया पोरासंग. तुले कायीच वाटत नाई का?"

"आई," मनोज म्हणाला.

"नाई वाटत," रागिणी म्हणाली. खोटं बोलायला आता काही कारणही उरलं नव्हतं. "मी लय प्रयत्न करते आई. नाई वाटत."

माणिकबाईंनी तोंड फिरवलं. त्या रात्री मायलेक एका खोलीत राहिले. दुसऱ्या खोलीत किसनराव एका पलंगावर आणि रागिणी दुसऱ्यावर. त्यांच्या गोळ्या आणि पाणी तिनं उशाशी ठेवलं, आणि तिला लगेच झोप लागली.

सकाळी ऊन नुकतंच आलं होतं तेव्हा दारावर थाप पडली. माणिकबाई. साडीवर मनोजचं जॅकेट, त्यावरून शाल, पायात बूट.

"मले ते पाहाचं हाय पुन्हा," त्या म्हणाल्या. "काल जवळ गेलीच नाई मी. चाल माया संग."

रागिणी होती तशी, पातळ कुर्त्यावरच निघाली. काठावर फारसं कोणी नव्हतं. रात्री चांगलंच गारठलं होतं, वाटेवरच्या डबक्यात बर्फाचा पापुद्रा दिसत होता. माणिकबाई तिचा दंड धरून अगदी कठड्यापर्यंत आल्या. खालच्या सुळक्यांच्या टोकांवर ऊन पडलं होतं. त्या पाहत होत्या की नाही ते सांगता आलं नसतं.

"काल बोलली ते मनावर घेऊ नोको," त्या म्हणाल्या.

"नाई घेतलं."

"घेतलं असतं तं बरं झालं असतं," माणिकबाई म्हणाल्या. मग समोर पाहत, "पोरगा होता का पोरगी?"

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. हिवरखेडच्या आईनंही नाही. बरं झालं लवकर समजलं, पुन्हा होईल, देवाची इच्छा, असं सगळे म्हणाले होते.

"पोरगी," रागिणी म्हणाली.

"पाहू देली का तुले?"

"हाव. थोडा वेळ. इतकीशी होती." तिनं ओंजळ दाखवली. आपले हात असे कधी झाले ते तिला कळलंच नाही. "केस होते थोडे."

माणिकबाईंनी मान हलवली. "मनोजनं पायलं?"

"तो होता बाजूले. त्यानंच घेतलं होतं हातात."

"मले नाई सांगतलं त्यानं." माणिकबाई थांबल्या. "मी नाव ठेवलं होतं मनातल्या मनात. तू पहिल्यांदा सांगतलं तवाच. पोरगी झाली तं चंदा. माया मायचं नाव होतं ते. तुमाले जुनं वाटलं असतं, म्हणून बोलली नाई."

रागिणीला काही बोलायचं होतं, पण दातावर दात आपटायला लागले. आधी तिला वाटलं रडू येतंय. रडू नव्हतं. थंडी होती. किती वेळ आपण या थंडीत उभ्या आहोत हे तिला आत्ता कळत होतं. बोटं दुखत होती, कान जळत होते.

"काकडून राहिली ना," माणिकबाई म्हणाल्या आणि शाल काढून तिच्या अंगाभोवती दोन्ही हातांनी घट्ट ओढली. "हे असं उघडं येते का कोणी?"

दोघी तिथून हलल्या आणि लॉजमध्ये जाऊन गरम कॉफी प्यायल्या.

त्यानंतर काही बदललं असं नाही. परतीच्या वाटेवर मनोज आणि रागिणी पुढे बसले आणि रस्त्याबद्दल बोलले. घरी आल्यावर मनोजनं गादी सरळ पुढच्या खोलीत नेऊन टाकली, आता लपवायचं काही नव्हतं. किसनरावांनी एकदा दोघांना समोर बसवून विचारलं, आणि दोघांनीही नाही म्हटल्यावर पुन्हा विषय काढला नाही. ठरलेल्या दिवशी ते गेले. विमानतळावर त्यांनी मनोजला मिठी मारली. रागिणीच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "केशवरावांशी मी बोलतो. तू नोको बोलू." आणि खरंच ते हिवरखेडला जाऊन आले. या वेळी लवकर परतले, असं अमोलकडून कळलं.

रागिणीनं नोव्हेंबरात शहराच्या दुसऱ्या टोकाला एक लहानसं घर भाड्यानं घेतलं. मनोजनं सामान हलवायला मदत केली. तो परत जाताना तिनं चहा विचारला, तो नको म्हणाला, मग थांबला आणि प्यायला. माणिकबाईंचे फोन येत राहिले, आधी दहा-पंधरा दिवसांनी, मग दर आठवड्याला. संत्र्याला यंदा भाव बरा आहे, शेजारच्या मैनाबाईच्या नातीचं लग्न ठरलं, गुडघ्याला नवीन तेल लावून पाहिलं. मनोजबद्दल त्या बोलत नसत. रागिणी फोन स्पीकरवर ठेवून भाजी चिरायची.

डिसेंबरमध्ये ती ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता बदलायला सरकारी ऑफिसात गेली होती. मोठा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर नंबर दाखवणारा पडदा. तिच्या खुर्चीसमोर एक बाई तान्ह्या मुलाला खांद्यावर टाकून उभी होती. मूल रडत नव्हतं, काही करत नव्हतं, नुसतं मागे पाहत होतं. रागिणीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला रडू आलं. आधी आवाज न करता, मग आवाजानं. लोक वळून पाहायला लागले. शेजारच्या म्हाताऱ्या माणसानं खिशातून रुमाल काढून दिला. तिनं तो घेतला, तोंडावर धरला, आणि तशीच बराच वेळ बसून राहिली.

तिचा नंबर दोनदा पुकारला गेला. तिसऱ्यांदा ती उठली, काउंटरवर गेली आणि नवा पत्ता सांगितला. आवाज घोगरा झाला होता म्हणून तिला तो पुन्हा सांगावा लागला.